उजेड पोहोचतो तिथवरच

उन्हाच्या बाजूच्या लोखंडी फाटकाला दिलेला पांढरा ऑइलपेंट काही वर्षांनी हाताला लागायला लागतो. टेकून उभं राहिलं की शर्टावर पांढरा पट्टा उमटतो आणि घरातले सगळे रंगाऱ्याच्या नावानं बोटं मोडतात. रंगाऱ्यानं थोडी चोरी केलीही असेल, पण मुख्य चोर त्या पांढऱ्या रंगातच असतो. रंग पांढरा दिसावा म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घातलेली असते. उन्हातला अतिनील भाग तिच्यावर पडला की ती स्वतःला धरून ठेवणाऱ्या तेला-राळेलाच खात सुटते. राळ गेली की पूड मोकळी. रंगाच्या धंद्यात याला चॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी कंपन्या त्या पुडीच्या कणाकणावर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचं अस्तर चढवतात.

माझा पोटापाण्याचा उद्योग बरोबर याच्या उलट. अस्तर नसलेली पूड घ्यायची, तिची ही खोड जेवढी वाढेल तेवढी वाढवायची, प्लास्टिकच्या पोकळ तंतूंच्या अंगात ती बसवायची आणि सांडपाण्यातल्या घाणीवर सोडायची. म्हणजे रंगवाल्यांचं दुखणं तेच आमचं भांडवल.

ही खोड जुनीच माहीत होती. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर या जोडीनं लंडनमध्ये दाखवून दिलं होतं की ही पूड प्रकाशात रंगद्रव्याचा रंग घालवते आणि स्वतः जशीच्या तशी राहते. पण तिला खरी प्रसिद्धी मिळाली ती जपानमुळे. अकिरा फुजिशिमा हा टोकियो विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी. १९६७ मध्ये त्यानं टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला, तर बुडबुडे यायला लागले. पाणी फुटत होतं. १९७२ मध्ये त्याचा आणि केनिची होंडा यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. पुढच्याच वर्षी तेलाच्या किमतींचा भडका उडाला आणि सगळं जग उन्हातून हायड्रोजन काढण्याच्या मागं लागलं. तो हायड्रोजन काही स्वस्तात निघाला नाही. त्या गडबडीत १९७६ मध्ये कॅनडात कॅरी आणि सहकाऱ्यांनी याच पुडीनं पाण्यातली पीसीबी नावाची चिवट विषं मोडली. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइडवर तोच प्रयोग केला. पाणी फोडायला निघालेली मंडळी पाणी धुवायला लागली ती तेव्हापासून.

आत घडतं ते थोडक्यात असं. या पुडीचं अ‍ॅनाटेज नावाचं रूप घेतलं, तर ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीचा प्रकाश त्यातल्या इलेक्ट्रॉनला उठवून वरच्या मजल्यावर बसवतो. खाली राहते ती भूक, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारी रिकामी जागा. ही जागा पृष्ठभागावरच्या पाण्याला ओरबाडते आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा खादाड तुकडा जन्माला येतो. तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूला फाडतो. कीटकनाशक, औषध, रंग असा भेद त्याच्याजवळ नाही. पण दोन अडचणी आहेत. वर गेलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही करायच्या आधीच परत खाली पडतात आणि प्रकाश फुकट जातो. दुसरं म्हणजे रॅडिकल इतका अल्पायुषी की त्याला प्रवास जमतच नाही. जन्मतो तिथंच खातो. म्हणून घाणीला त्याच्या दारात आणून उभं करावं लागतं. हे दुसरं मुद्दाम लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते.

मग पूड सरळ पाण्यात टाकून ढवळली तर? तीच सगळ्यात चांगली राबते, यात वाद नाही. चहूबाजूंनी पाणी, चहूबाजूंनी प्रकाश. पण नंतर ती परत मिळवायची कशी? प्रयोगशाळांतून सर्रास वापरली जाणारी पी-२५ नावाची पूड जेमतेम वीस-पंचवीस नॅनोमीटरच्या कणांची असते. पाणी रात्रभर ठेवलं तरी सकाळी पांढरंच. ते नदीत सोडायचं म्हणजे एक घाण काढून दुसरी घालायची. तेव्हा पुडीला कशावर तरी खिळवायला हवं. काचेवर, वाळूवर, दगडावर, सगळ्यांवर लोकांनी खिळवून पाहिली. आमच्यासारख्या मेम्ब्रेनवाल्यांच्या, म्हणजे बारीक भोकांचे गाळणीचे पडदे करणाऱ्यांच्या, डोक्यात साहजिकच पोकळ तंतू आला.

पोकळ तंतू तुम्ही पाहिला असेल, फक्त त्याच्याशी ओळख करून घेतली नसेल. घरच्या वॉटर प्युरिफायरमधलं यूएफ, म्हणजे अतिबारीक गाळणीचं, काडतूस फोडलं तर आत पांढऱ्या नळ्यांची जुडी निघते. डायलिसिसच्या त्या लांबट नळकांड्यातही असे हजारो तंतू असतात, केसाहून जाड. तंतूची भिंत सच्छिद्र असते. बाहेरून पाणी ढकललं की गाळ बाहेर राहतो आणि पाणी भिंतीतून पोकळीत येतं. याची सगळी मिजास क्षेत्रफळाची. एक मिलिमीटर जाडीचे तंतू अर्धी जागा व्यापतील इतके दाटीनं बसवले, तर एका घनमीटरात दोन हजार चौरस मीटर भिंत बसते. आता ही भिंतच घाण खायला लागली तर? गाळणं आणि खाणं एकाच जागी, शिवाय मेम्ब्रेनवर साचणारा चिकट थरही आपोआप जळणार. हे ऐकायला इतकं गोड आहे की त्यावर जगभर निबंधांचा ढीग पडला. त्यातली थोडी भर माझीही आहे.

करताना मात्र हात भरतात. पीव्हीडीएफ हे प्लास्टिक आधी ओव्हनमध्ये वाळवायचं. हेच का, तर पॉलिसल्फोनसारखी नेहमीची मंडळी अतिनील प्रकाशात आणि रॅडिकलांच्या माऱ्यात स्वतःच ठिसूळ होतात. पीव्हीडीएफच्या साखळीतला फ्लोरिन त्याला वाचवतो. दुसरीकडे टायटॅनियमची पूड एनएमपी नावाच्या द्रावकात घालून अल्ट्रासाऊंडखाली ठेवायची. हा क्रम चुकवायचा नाही. आधी प्लास्टिक विरघळवलं तर द्राव इतका घट्ट होतो की पुडीची ढेकळं मोडतच नाहीत, आणि एक ढेकूळ पुढं अख्खी सकाळ खातं. मग शंभरातले पंधरा ते वीस भाग प्लास्टिक थोडं थोडं सोडत रात्रभर गरम ढवळायचं. सकाळी हाताशी येतो पांढरा, चिकट डोप. त्यातली हवा काढायला तो परत बंद भांड्यात ठेवायचा. बुडबुडा राहिला तर तंतूच्या भिंतीला तिथंच भोक पडणार. एनएमपीला एक मंद, मासळीकडे झुकणारा वास असतो. तो हातमोज्यांतून घरी येतो. युरोपात या द्रावकावर कडक बंधनं आहेत, कारण ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. त्यामुळे आमच्याकडं दिवस गेलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी स्पिनिंगवरून काढून संगणकासमोर बसवतात. त्यावर कोणी हुज्जत घालत नाही.

स्पिनिंग म्हणजे सोऱ्यातून कुरडई पाडण्याचा प्रकार. फरक इतकाच की साच्याच्या भोकाच्या बरोबर मध्ये एक सुई असते आणि त्या सुईतून पाणी सोडलेलं असतं. बाहेरच्या कड्यातून डोप, आतून पाणी. डोप खाली येतो, थोडं अंतर हवेतून पडतो आणि पाण्याच्या टाकीत शिरतो. टाकीला तो स्पर्शतो तो क्षण मला अजून बघावासा वाटतो. वर चकचकीत, ओलसर धार. पाण्यात शिरल्या शिरल्या मंद, पक्की पांढरी दोरी. द्रावक पाण्यात पळतो, पाणी प्लास्टिकमध्ये घुसतं, प्लास्टिकला विरघळलेलं राहणं परवडत नाही आणि ते भोकं ठेवून थिजतं. ही युक्ती १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे आपल्याकडचे श्रीनिवास सौरीराजन यांनी सपाट पडद्यावर पहिल्यांदा नीट साधली. ती खारं पाणी गोडं करण्यासाठी होती. आजचा आरओचा सगळा धंदा त्यांच्या त्या थिजण्यावर उभा आहे.

सुई केसभर जरी सरकलेली असली तरी भिंत एका बाजूनं पातळ होते आणि दाब दिला की तंतू तिथंच फुटतो. हवेतलं ते छोटं अंतर पावसाळ्यात आपला हिसका दाखवतं. जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की टाकीत पोचायच्या आधीच तंतूची कातडी धरायला लागते, आणि एप्रिलमध्ये बसवलेलं सगळं गणित परत मांडावं लागतं. निबंधात याबद्दल ‘सापेक्ष आर्द्रता नियंत्रित ठेवली’ एवढंच एक वाक्य असतं. ते वाक्य म्हणजे खोलीच्या फटींना लावलेल्या चिकटपट्ट्या, दोन डीह्युमिडिफायर आणि त्यांत साठलेलं पाणी ओतून द्यायला लावलेला पोऱ्या.

तंतू तयार झाले की कित्येक दिवस पाणी बदलत भिजत ठेवायचे, म्हणजे उरलेला द्रावक सुटतो. मग ग्लिसरीनमध्ये. तसेच वाळवले तर सुकताना भोकं मिटतात. एवढं झाल्यावर एक तंतू द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडायचा. कात्रीनं कापला तर भिंत दबते आणि आतलं काही कळत नाही. गोठवला की तो कट्ट आवाज करून सरळ तुटतो. ते तुटलेलं टोक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की भिंतीत बोटांसारख्या लांब पोकळ्या दिसतात, दोन्ही बाजूंनी आत शिरलेल्या, आणि त्यांच्यामध्ये बारीक जाळी. पांढरे ठिपके म्हणजे आपली पूड. मोजायला गेलं तर बहुतेक ठिपके प्लास्टिकच्या पोटात गाडलेले. त्यांना ना पाणी शिवणार, ना उजेड. पूड वाढवून बघावी, तर डोप घट्ट होतो, ढेकळं होतात, तंतू ठिसूळ होतो.

मग लोक तऱ्हा काढतात. वरून लेप द्या. तो उलटं पाणी मारून मेम्ब्रेन धुतलं की हळूहळू निघून जातो. सगळा तंतूच चिनीमातीसारख्या पदार्थाचा करून भाजा. पण भट्टी फार तापली की कामसू अ‍ॅनाटेज बदलून रुटाइल होतं आणि ते तितकं राबत नाही. मला पटलेला मार्ग दुहेरी तंतूचा. साच्याला तीन वाटा द्यायच्या. सगळ्यात आत पाणी, मध्ये साधा डोप आणि बाहेरून पुडीनं ठासलेल्या डोपचा पातळ थर. म्हणजे पूड असते तिथं उजेड असतो, आणि तंतूचा कणा साध्या प्लास्टिकचा राहतो. अडचण इथंही आहेच. दोन थर थिजताना सारखे आकसत नाहीत आणि मध्ये फट पडते. दोन्ही डोप एकमेकांना मानवतील असे जुळवण्यातच या कामाचे महिने जातात. ते महिने गेल्याचं मला वाईट वाटत नाही.

पण खरी गोची थरांची नाहीच, उजेडाची आहे. वर ज्या दोन हजार चौरस मीटरचं कौतुक केलं, ते दाटीमुळं येतं. दाटी म्हणजे अंधार. जुडीच्या बाहेरच्या तंतूवर दिवा पडतो, त्याच्या मागचा सावलीत, त्याच्या मागचा काळोखात. तंतूला गर्दी हवी, पुडीला उघडं अंगण हवं. तंतू विरळ केले की उजेड मिळतो, पण मग पोकळ तंतू वापरायचं कारणच संपतं. एका तंतूपुरतं बघितलं तरी हिशोब कठीण आहे. पांढऱ्या सच्छिद्र भिंतीत अतिनील प्रकाश फार तर दहा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शिरतो. दर तासाला चौरस मीटरमागं पन्नास लिटर पाणी ओढलं, तर बाहेरच्या दहा मायक्रॉनच्या उजळ थरातून रेणू साधारण अर्ध्या सेकंदात पार होतो. आणि यूएफची भोकं रंगाच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळं तो अडतही नाही. अर्ध्या सेकंदात त्याची गाठ रॅडिकलशी पडली तर पडली. उन्हावर भिस्त ठेवावी, तर त्यात उपयोगाचा अतिनील भाग शंभरात चार-पाच इतकाच. दिवे लावले की विजेचं बिल. आता काही जण तंतूंच्या मधून प्रकाश वाहणारे काचेचे धागे घालून पाहतात, काही जण एलईडीच्या पट्ट्या. विचार बरोबर आहे. किंमत अजून बसलेली नाही.

माझे मामा इचलकरंजीत प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, डाईंग मास्तर होते. आता घरी असतात, पण त्यांचा फोन आला की विषय कापडाचाच. एकदा त्यांनी विचारलं,

“काय गं, तुझं ते नळकांडं रंग गाळतंय का खातंय?”

“खातंय मामा. पण सावकाश.”

“मग तवर जिगर बंद ठिवायचा व्हय आम्ही?”

जिगरवर, म्हणजे कापड रंगाच्या हौदातून मागं-पुढं फिरवणाऱ्या यंत्रावर, कापूस रंगवताना रिअ‍ॅक्टिव्ह रंग सूताशी रासायनिक गाठ मारतो. पण हौद पाण्यानंच भरलेला, तेव्हा काही रंग पाण्याशीच गाठ मारून बसतो आणि कायमचा निकामी होतो. टाकलेल्या रंगाचा पाचवा हिस्सा, काही वेळा त्याहून जास्त, असा धुण्याच्या पाण्यातून गटारात जातो. शिवाय रंग सूताकडे वळावा म्हणून लिटरमागं चाळीस ते ऐंशी ग्रॅम मीठ, आणि गाठ बसावी म्हणून सोडा. पंचगंगेच्या काठानं राहणाऱ्याला हे सांगायला नको. तिची जलपर्णी आणि पाण्यावर तरंगणारे मेलेले मासे दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. अर्थात त्यात कोल्हापूरपासूनच्या गावोगावच्या सांडपाण्याचाही वाटा आहे. नुसता रंगवाल्यांवर राग काढणं सोपं पडतं, कारण त्यांची घाण दिसते.

मामांच्या हौदातलं ते पाणी माझ्या तंतूवर घालावं, तर काय होईल? गडद पाणी स्वतःच सगळा उजेड पिऊन टाकतं, भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. आणि सोड्यातलं कार्बोनेट रॅडिकलांना वाटेतच गिळतं. म्हणजे पुडीचं खाणं दुसऱ्याच पाहुण्यांवर खर्च.

हे निबंधांत का दिसत नाही? कारण निबंधांत मेथिलीन ब्लू असतं. शुद्ध पाण्यात चिमूटभर निळा रंग, वर दिवा, तासाभरात पाणी नितळ, आलेख खाली घसरलेला, टाळ्या. या निळ्यावर माझा खास राग आहे. तो स्वतः दिसणारा प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पुडीला देतो आणि त्यात स्वतःच मोडतो. मग ‘आमची पूड साध्या उजेडातही चालते’ असा दावा करायला लोक मोकळे. कधी तो नुसता तंतूला चिकटतो. कधी त्याचं रंगहीन रूप होतं आणि हवा लागली की निळं परत येतं. आणि खरोखर मोडला तरी रंग गेला एवढंच सिद्ध होतं. अ‍ॅझो जातीच्या कापडी रंगाची मधली कडी तुटली की डोळ्यांना पाणी निर्मळ दिसतं, पण त्यात रंगहीन तुकडे तरंगत असू शकतात, आणि ते तुकडे मूळ रंगापेक्षा बरे असतीलच असं नाही. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला ते मोजल्याखेरीज काही बोलू नये. आमच्या गटात नवीन पोरं आली की मी पहिल्यांदा निळी बाटली कपाटात टाकून कुलूप लावते. ती मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

मग हे तंतू कुणाच्या कामाचे? माझं उत्तर असं की हौदाच्या नाही, सगळ्यात शेवटच्या टाकीच्या. जिवाणूंनी आपलं काम करून झालं आहे, गाळ बसला आहे, पाणी डोळ्यांना स्वच्छ आहे, आणि आत मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागतील अशी औषधं उरली आहेत. फिट्सवरचं कार्बामाझेपिन जिवाणूंच्या टाकीतून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. सांडपाण्यात वेदनाशामक डायक्लोफिनॅकही सापडतं. जनावरांच्या मढ्यांतून त्यानंच आपली गिधाडं संपवली आणि २००६ मध्ये सरकारला गुरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. अशा पाण्यात उजेड शिरतो, गिऱ्हाईक थोडं असतं आणि अर्धा सेकंदही उपयोगी पडू शकतो. आणि पूड मोकळी ठेवून सिरॅमिक मेम्ब्रेननं फक्त तिला अडवायचं, ही कॅनडातल्या प्युरिफिक्स कंपनीची रीत मला आमच्या बहुतेक निबंधांपेक्षा शहाणपणाची वाटते, जरी तिच्यात पोकळ तंतूला जागा नसली तरी.

आणखी एक हिशोब आम्ही मेम्ब्रेनवाले कोणी काढत नाही. एक किलो तंतू पाडताना टाकीतलं जे पाणी एनएमपी घेऊन बाहेर पडतं, ते कुठं जातं? आमच्याकडं ते ड्रममध्ये भरून घातक कचऱ्याच्या गाडीत जातं आणि त्याची पावती फाइलला लागते. कारखान्याच्या पातळीवर ते पाणी उकळून द्रावक परत मिळवता येतो, पण त्याला उष्णता लागते. म्हणून हल्ली कमी घातक द्रावकांत पीव्हीडीएफ विरघळवायची खटपट चालू आहे. त्यातले बरेच थंडीत गोठल्यासारखे घट्ट होतात आणि साचा तापवून ठेवावा लागतो. सध्या आमचं काम यावरच अडलं आहे. खुद्द पीव्हीडीएफवरही युरोपात फ्लोरिनवाल्या रसायनांच्या वादाची सावली आहे, म्हणजे उद्या प्लास्टिकही बदलावं लागेल.

मामांना हे सगळं मी एकदा बैजवार सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये चहा मागितला.

“रंगाचं कळलं. मिठाचं काय?”

“मीठ तसंच राहतं. त्याला पुडीनं काही होत नाही. आरओ लावायचा, आणि आरओनं मागं टाकलेलं पाणी आटवायचं.”

“आटवायला कोळसा?”

“कोळसा नाहीतर उसाचा बगॅस. वाफ लागतेच.”

“मग त्ये मिठाचं आधी बघ की. रंगावर दुसरं कोणतरी बघंल.”

मीठ कमी लागणारे रंग बाजारात आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. नमुना मिळाला तर जुन्या ओळखीच्या प्रोसेसमध्ये एक जिगर मोकळा करून घेतो म्हणाले.